झालं का बोलणं?

आमच्या दाजींनी जन्मात कुणाचा फोन आधी ठेवला नाही. कुणी दारूला शिवत नाही, कुणी चातुर्मासात वांगं खात नाही, तसं दाजींचं हे व्रत होतं. फोन सोयऱ्याचा असो, प्लॉट विकणाऱ्याचा असो की चुकून लागलेला असो, समोरचा ठेवेपर्यंत दाजी ठेवायचे नाहीत. समोरचा आता आवरतं घेतोय असं वाटलं की अदबीनं विचारायचे, "झालं का बोलणं?" पलीकडून "झालं" असं आलं, मग लाइन बंद झाल्याचा आवाज आला, म्हणजे मग यांचा फोन कानावरून खाली. त्यांच्यासारखाच दुसरा कुणी पलीकडं निघाला असता तर दोघंही अजून एकमेकांची वाट बघत बसले असते, असं माझी बायको म्हणते.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे यजमान. मूळचे पाचोडचे, आणि सगळी नोकरी टेलिफोन खात्यात ऑपरेटर म्हणून. ज्यांनी ट्रंक कॉल पाहिलेला नाही त्यांना दाजी कळायचे नाहीत. तेव्हा परगावी फोन लावायचा तर सकाळी नोंदवायचा आणि लागेल तेव्हा लागेल म्हणून बसून राहायचं. लागला की तीन मिनिटं. तीन मिनिटं झाली की ऑपरेटरनं बोर्डावरची दोरी ओढायची, की इकडचा माणूस इकडं आणि तिकडचा तिकडं. दाजी पैठणला नवे नवे होते तेव्हा एक म्हातारा विणकर सुरतेला दिलेल्या लेकीशी बोलायला आला. लाइन इतकी खरखरत होती की निम्मा वेळ "हॅलो, हॅलो" करण्यातच गेला, आणि आवाज साफ आला तोवर वेळ संपली. दाजींनी नियमाप्रमाणे दोरी ओढली. म्हातारा भांडला नाही. बाहेर पायरीवर जाऊन बसला आणि दाजी चहाला निघाले तेव्हा एवढंच म्हणाला, "सायेब, पोरगी रडत व्हती का हासत व्हती, तेवढं तरी कळू द्यायचं व्हतं." त्या दिवसापासून दाजी दोरीला हात घालण्याआधी विचारायला लागले, झालं का बोलणं? वरून मेमो आले, एक पगारवाढही अडली. दाजींनी विचारणं सोडलं नाही. पुढं बोर्ड गेले, दोऱ्या गेल्या, खिशात मावणारे फोन आले, दाजी निवृत्त झाले, तरी विचारणं तेवढं राहिलं.

हे ऐकायला फार गोड वाटतं. सोबत राहणाऱ्याला विचारा. आमच्या शहरात नळाला पाणी येणं म्हणजे सण असतो, आठवडाभर वाट बघावी तेव्हा येतं आणि मनात येईल तेव्हा जातं. अशाच एका पाण्याच्या दिवशी अक्का गच्चीवर टाकीपाशी उभी आणि मोटार सुरू करायला खाली दाजी. नेमका तेव्हा फर्दापूरहून कुणाचा तरी चुकून फोन लागला. त्या माणसाला खताचं दुकान हवं होतं. हे खताचं दुकान नाही हे सांगून झालं, मग त्यानं यंदाच्या कपाशीचं सांगायला घेतलं. अक्का वरून ओरडतेय, "आवो, मोटर!" आणि दाजी तिला हातानं थांब म्हणतायत आणि फोनात म्हणतायत, "मग, बोंडअळी लई हाय का औंदा?" बोलणं झालं तोवर पाणी गेलं होतं. पुढचं पाणी येईपर्यंत अक्कानं शेजारच्या बोअरचं पाणी भरलं आणि दाजींशी ती फक्त माझ्यामार्फत बोलली.

क्रेडिट कार्डही त्यांच्याकडं असंच आलं. दाजींना क्रेडिट कार्डाचा उपयोग तितकाच, जितका मला पोहण्याच्या चड्डीचा. पण एका दुपारी एका मुलीनं फोन करून कार्डाचे सगळे फायदे सांगितले. दाजींनी विमानतळावरच्या फुकट नाश्त्यापर्यंत सगळं ऐकून घेतलं. शेवटी तिचा आवाज बसायला आला तेव्हा त्यांना राहवलं नाही. "घेतो म्हणलं, बाई. पोरीचा घसा सुकला व्हता," असं त्यांनी अक्काला सांगितलं. कार्ड आलं, ते त्यांनी प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून देवघराच्या खणात ठेवलं.

मला स्वतःला दाजींची लाज वाटायची ती चारचौघांत. माझ्या सासऱ्यांचा दहावा पैठणला होता. घाटावर पिंड ठेवलेला, कावळा काही शिवेना. सगळे हात जोडून गप्प उभे, माझी सासू डोळ्यांना पदर लावून बसलेली, आणि त्या शांततेत दाजींचा फोन वाजला. घेतला त्यांनी. चार पावलं बाजूला गेले, पण नदीवर आवाज लांब जातो. "नाय ताई, कर्ज नको. आत्ता दहाव्याला आलोय. नाय नाय, तुम्ही सांगा, तुमचं पूर्ण होऊ द्या. किती टक्के म्हणलात?" सगळं सासर माझ्याकडं बघायला लागलं, जणू फोन मीच करवला होता. मी गोदावरीकडं बघत राहिलो. कावळा आला तो दाजींचं बोलणं झाल्यावरच. माझा धाकटा मेहुणा म्हणाला, त्यालाही व्याजदर ऐकायचा असेल.

असल्या माणसानं फोनवरच्या फसवणुकीविरुद्ध मोहीम उघडावी हा मोठाच विनोद होता, पण तो आम्हाला तेव्हा कळला नाही. झालं असं की त्यांच्याच खात्यातल्या एका जुन्या जोडीदाराला कुणीतरी बँकेतून बोलतोय म्हणून फोन केला आणि त्याच्या कार्डावरून लुटलं. दाजींनी ते स्वतःवर घेतलं. "ही लाइन बोलायसाठी टाकलेली हाय, मेव्हणे. आम्ही उन्हातान्हात खांब रोवले ते ह्या भामट्यांसाठी व्हय?" खांब यांनी एकही रोवला नव्हता, हे कायम पंख्याखाली बसून होते, पण राग खरा होता. सिडकोतल्या बागेत ज्येष्ठ नागरिकांचा गट भरतो, तिथं ते उभं राहून सांगायला लागले. बँक कधी फोनवर ओटीपी विचारत नसते. कार्डाच्या मागचे आकडे बायकोलाबी सांगायचे नाय. कुणी म्हणलं की अमुक ॲप टाका, मी इथून बघतो, तर समजायचं घरात चोर घेतला. आणि शंका आलीच तर आलेल्या नंबरावर बोलायचं नाय, कार्डाच्या पाठीवर जो नंबर छापलेला आसतो त्याच्यावर आपण लावायचा. चुकून गेलाच आकडा, तर लाजायचं नाय, लगोलग कार्ड बंद करायचं. लई सोपं हाय, म्हणायचे.

एका संक्रांतीला तर त्यांनी कहर केला. हळदीकुंकवाला वाण काय लुटायचं यावर अक्काचं स्टीलच्या डब्यांचं ठरलं होतं. दाजींनी परस्पर माझ्या औरंगपुऱ्यातल्या स्टेशनरीच्या दुकानातून गोल चिकट्या, म्हणजे स्टिकर, छापून घेतल्या. पिवळ्यावर लाल अक्षरांत लिहिलं होतं: फोनवर आकडा सांगू नये. बायका तिळगूळ घेऊन, हळदकुंकू लावून, वाण म्हणून चिकट्या घेऊन गेल्या. पुढच्या संक्रांतीला अक्काकडं फार कुणी आलं नाही. माझ्या फोनच्या पाठीवर ती चिकटी अजून आहे, निम्मी झिजलेली.

शिवाय परीक्षा. दाजी अनोळखी नंबरावरून, आवाज जाड करून, नातेवाइकांना फोन करायचे. "मॅडम, मैं बँक से बोल रहा हूँ, आपका कार्ड बंद होनेवाला हाय." त्यांच्या हिंदीतला तो 'हाय' पाचोडच्या बाजारातून सरळ आलेला असायचा. माझ्या बायकोनं पहिल्या वाक्याला ओळखलं आणि मुद्दाम सांगितलं, "लिहून घ्या, चार तीन दोन एक." पलीकडचा बँक अधिकारी किंचाळला, "आवो वहिनी, सांगायचा नसतो!" ज्यांनी आवाजावरून ओळखलं नाही त्यांनी शेवटावरून ओळखलं. सगळी धमकी देऊन झाली की चोर अदबीनं विचारायचा, झालं का बोलणं? आणि तुम्ही फोन ठेवायची वाट बघत थांबायचा. आमच्या नात्यात एकही माणूस फसला नाही, याचं श्रेय दाजी स्वतःकडं घ्यायचे आणि आम्ही हसत हसत देऊन टाकायचो.

मग गेल्या उन्हाळ्यात एका दुपारी अक्काचा दुकानात फोन आला. "आरं, तुझे दाजी मघापासनं काय बोलंनात. च्या बी तसाच ठिवलाय. गच्चीवर जाऊन बसलेत, एवढ्या उन्हात. ये बरं जरा."

मी गेलो. टाकीच्या सावलीत, पायजम्याचा गुडघा मुठीत धरून दाजी बसलेले होते. मोबाइल पुढ्यात उलटा ठेवलेला. मला बघितल्यावर त्यांनी जिन्याकडं मान केली, अक्का येत नाही ना म्हणून. मग इतक्या बारीक आवाजात सांगितलं की मला वाकावं लागलं.

"दिला मी. ओटीपी."

आता इथं मी जे केलं त्याचं मला वाईट वाटतं. मी ओरडलो. "तुम्ही? दाजी, तुम्ही दिलात?" पलीकडच्या गच्चीवर एक बाई कुरडया वाळत घालत होती, तिनं वळून बघितलं. दाजींनी मान अशी खाली घातली की मला त्यांच्या टकलावरचा घाम तेवढा दिसला. या माणसानं माझ्या लग्नात हजार माणसांच्या पंगतीला वाढलं होतं, तेव्हाही मी त्यांना मान खाली घातलेलं बघितलं नव्हतं.

हळूहळू सगळं निघालं. फोन आला तेव्हा चोर आहे हे दाजींनी पहिल्याच वाक्याला ओळखलं होतं. कार्डाचा नंबर त्याच्याकडं आधीच होता, फक्त ओटीपी हवा होता. दुसऱ्या कुणीही तिथंच फोन ठेवला असता. दाजींनी ठेवला नाही. त्याला सुधारायचं ठरवलं. बागेत सांगतात ते सगळं त्याला सांगितलं, आणि त्यानं ऐकून घेतलं. बागेतले लोक मध्येच उठून शुगर तपासायला जातात, हा गेला नाही. मध्ये मध्ये "खरंय, काका" म्हणत होता. म्हणाला, मला लाज वाटते या धंद्याची. म्हणाला, तुम्ही टेलिफोनमध्ये होता का, बोलण्यावरून वाटतंच. मग दाजींनी त्याला ट्रंक बोर्ड सांगितला, दोऱ्या सांगितल्या, पैठणचा तो विणकर सांगितला. आम्ही सगळ्यांनी ही गोष्ट इतक्यांदा ऐकलीय की ती सुरू झाली की ताट उचलून आत जातो. तो मात्र म्हणाला, "मग काका, त्या म्हाताऱ्याला पुन्हा फोन लावून दिला का तुम्ही?" हे इतक्या वर्षांत कुणी विचारलं नव्हतं. दाजींनी लावून दिला होता, स्वतःच्या पैशानं.

"मग म्हणला, काका, तुम्ही बापासारखे. माझ्या जोडीदारानं तुमच्या कार्डावर आधीच खरेदी लावलीय, मी ती रद्द करतो. रद्द करायचा आकडा येईल, लवकर सांगा, नाहीतर त्याच्या लक्षात येईल." दाजींनी घाम पुसला. "सांगितला मी, मेव्हणे. वाचून दाखवला. सावकाश, त्याला नीट ऐकू यावा म्हणून."

मी त्यांच्याशेजारी खाली बसलो.

"आन् मग त्यानं विचारलं, काका, झालं का बोलणं? माझंच वाक्य. गोष्टीत ऐकलं आसंल. मी म्हणलं, झालं. मग त्यानं ठेवला."

या वाक्याला त्यांचा आवाज गेला. पैशांचं सांगताना गेला नव्हता.

मी विचारलं, कार्ड बंद केलं का. नव्हतं केलं. कार्ड चालू होतं, पलीकडं तो अजून खरेदी करत असेल, आणि हे इथं टाकीला टेकून बसलेले. का, तर बंद करायला फोन लावावा लागतो आणि फोनवर काय झालं ते सांगावं लागतं. "ती बाई नाव विचारणार. नाव सांगून काय सांगू, की मीच दिला?" मग त्यांना एक युक्ती सुचली होती ती त्यांनी मांडली. "तुम्ही लावा. तुमच्या नावानं सांगा, तुमचं कार्ड हाय म्हणून. तुमचं काय, तुम्हाला तसंबी कुणी शहाणं समजत नाय." एवढ्या आपत्तीतही हे त्यांनी इतक्या मनापासून सुचवलं की एरवी मी हसलो असतो. मी म्हणालो, "दाजी, कार्ड तुमचं आहे, बोलणं तुम्हालाच लागेल. लाजायचं नाही, असं बागेत कोण सांगत होतं?" तर म्हणाले, "ते दुसऱ्याला सांगायला लई सोपं आसतं."

शेवटी मी देवघरातून कार्ड आणलं. अक्का दारातच उभी होती. तिनं उघडा राहिलेला खण लावून घेतला. कार्डाच्या पाठीवरचा नंबर मी लावला, स्पीकर सुरू केला आणि फोन दाजींच्या हातात दिला. आधी यंत्राची बाई बोलली, मराठीसाठी हे दाबा, कार्डासाठी ते दाबा. मग खरी मुलगी आली. आवाजावरून विशीतली असेल. "नमस्कार सर, काय मदत करू?" दाजी गप्प. "सर, आवाज येतोय का?" दाजींचे ओठ हलत होते, पण आवाज फुटत नव्हता. "सर, आपला आवाज येत नाहीये. आवाज आला नाही तर मला कॉल बंद करावा लागेल." मला कळलं की हा तिच्या नोकरीतला नियम आहे. दाजींना माझ्याआधी कळलं असणार. त्यांनी डोळे मिटले. मी फोन त्यांच्या हातातून घ्यायला पुढं झालो.

आणि ती मुलगी हळू आवाजात म्हणाली, "काका, तुमचा श्वास ऐकू येतोय मला. मी लाइनवर आहे. सावकाश सांगा."

दाजी रडले. म्हातारा माणूस आवाज न करता रडतो ते बघायला फार वाईट. ती थांबली. किती वेळ थांबली कोण जाणे, पलीकडं दुसऱ्या फोनांची किणकिण ऐकू येत होती, तिला कुणीतरी रागावतही असेल. मग दाजींनी नाव सांगितलं, पूर्ण, वडिलांच्या नावासकट, आणि म्हणाले, "ताई, मी ओटीपी दिला. मला म्हायती आसून दिला." तिनं एकदाही "का दिला" विचारलं नाही. कार्ड बंद केलं, काही रक्कम वाटेतच अडवता येईल म्हणाली, पोलिसांच्या सायबर विभागात आजच जा म्हणाली. आम्ही गेलो. काही पैसे परत आले, बरेचसे गेले ते गेलेच.

बातमी फुटायची ती फुटली. त्या गच्चीवरच्या बाईनं कुरडयांसोबत ती गल्लीभर वाटली. दाजी बागेत जाईनासे झाले. एक दिवस त्या गटातले एक निवृत्त मास्तर घरी आले, मीही तिथं होतो. बराच वेळ उन्हाळ्यावर बोलले आणि उठता उठता म्हणाले, "मीबी फसलो व्हतो, मागच्या दिवाळीत. तुमचं ऐकूनबी फसलो, म्हणून तुमच्यासमोर बोलायची लाज वाटली. कुठंच सांगितलं नाय. पैसे सगळे गेले." त्यांचं मन मोकळं झालं, चेहरा उजळला, चहा मागून घेतला. दाजी मात्र आणखीच खचले. मास्तर गेल्यावर मला म्हणाले, "माझ्यामुळं त्या माणसानं तक्रार केली नाय, बघा."

परीक्षेचे फोन तेव्हापासून बंद झाले. जाड आवाजातली ती हिंदी ऐकली की आम्ही वैतागायचो. आता अनोळखी नंबर आला की मी आशेनं उचलतो, तर कुणीतरी खराच प्लॉट विकत असतो.

परवा दुपारी दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. मला वाटलं, दाजींना जरा हसवावं. शेजारच्या दुकानदाराचा फोन घेतला, आवाज जाड केला आणि लावला. "सर, मैं बँक से बोल रहा हूँ, आपका कार्ड बंद होनेवाला हाय." तो 'हाय' मी अगदी त्यांच्यासारखा म्हटला. पलीकडं क्षणभर काही नाही. मग फोन बंद.

दाजींनी फोन आधी ठेवला होता. आम्ही सगळे वर्षानुवर्षं त्यांना हेच तर सांगत होतो. मी शेजाऱ्याचा फोन परत देऊन आलो, आणि मग माझ्या फोनवरून, माझ्या आवाजात लावला.

"कसे आहात, दाजी?"

"हाय की. आत्ता एका चोराचा फोन आला व्हता."

"मग?"

"ठेवून दिला." आणि म्हणाले, "आवाज वळखीचा वाटत व्हता. तरी ठेवला."

तो मीच होतो, हे माझ्या तोंडून निघालं नाही. पाण्याची चौकशी केली, अक्काच्या गुडघ्याची केली. सगळ्याला "हाय, बरं हाय" एवढंच उत्तर. मग बोलण्यासारखं दोघांकडं काही राहिलं नाही. पूर्वी नेमका इथंच तो प्रश्न यायचा, आणि मी घाईघाईनं "झालं, झालं" म्हणून सुटका करून घ्यायचो. मी वाट बघितली. पलीकडं अक्कानं नळ सोडल्याचा आवाज आला, बादली सरकवल्याचा आला, दाजींच्या श्वासाचाही आला. त्यांनी विचारलं नाही. ठेवलाही नाही. मग मीही ठेवला नाही. समोर गिऱ्हाईक येऊन उभं राहिलं, त्याला हातानं थांब म्हटलं आणि फोन तसाच कानाला धरून बसून राहिलो.